पायाखालची माती सरकण्याआधी

घर बघायला जाता तेव्हा तुम्ही काय काय बघता? मॉड्युलर किचन बघता, मास्टर बेडरूममध्ये किंग साइज बेड मावेल का ते बघता, बाल्कनीतून टेकडी दिसते का ते बघता. मोबाइलला रेंज येते का, हेही बघून घेता. काही हुशार मंडळी बाथरूमचा शॉवर फुल सोडून प्रेशर चेक करतात. पण ‘सोडलेलं हे पाणी घराच्या पायाजवळून कुठून, कसं आणि किती खोलीवरून बाहेर जातं?’ असं विचारणारा माणूस मला अजून तरी भेटलेला नाही. विचारून बघा. सेल्स ऑफिसातली मुलगी गोड हसेल आणि क्लबहाउसचं ब्रोशर पुढे करेल.

मान्य आहे, विषय ग्लॅमरस नाही. ड्रेनेजच्या पाइपाचा सेल्फी कोणी काढत नाही. पण वीस वर्षांचा ईएमआय डोक्यावर घेऊन तुम्ही जे घर घेताय ते शेवटी उभं आहे कशावर? इटालियन मार्बलवर नाही. ते उभं आहे जमिनीखालच्या काँक्रीटच्या पायावर, आणि तो पाया उभा आहे त्याच्या खालच्या मातीवर. त्या मातीला गुपचूप पाणी पाजणारा घरातला एकमेव सदस्य म्हणजे हा पाइप. म्हणून आजचा कॉलम त्याच्या नावे.

एक थांबलेलं, एक चाललेलं

आधी जरा साइटवर जाऊ. घर बांधताना खड्डे खणतात, कडक मुरूम किंवा खडक लागला की तिथे फुटिंग ओततात, त्यावर कॉलम उभा करतात, कॉलमना जमिनीलगत प्लिंथ बीमने बांधतात. मग खड्ड्यातल्या उरलेल्या जागेत माती परत ढकलतात. हा भराव. तो नऊ-नऊ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून बसवायचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा काय होतं? संध्याकाळी जेसीबी येतो, दोन-चार बकेट माती लोटतो आणि निघून जातो. मग पुढचे दोन-तीन पावसाळे ती माती आपली आपण खाली बसत राहते.

आता गंमत बघा. इमारत थांबलेली असते, भराव मात्र अजून खाली चाललेला असतो. आणि आपला ड्रेनेजचा पाइप? त्याचं एक टोक प्लिंथ बीमच्या काँक्रीटमध्ये घट्ट धरलेलं आणि बाकीचं अंग भरावावर टेकलेलं. खालची माती इंचभर बसली की पाइप लोंबकळतो आणि नेमका काँक्रीटच्या तोंडाशी मोडतो, नाहीतर तिथला जोड उघडतो. म्हणजे गळती सुरू होते तीही कुठे, तर फुटिंगच्या अगदी उशाशी! पाइप पायाचा घात करतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आधी पायाने पाइपाचा घात केलेला असतो. दोघांना एकत्र नांदवायचं तर पाइपाला थोडं हलायला जागा द्यावी लागते. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

बरं, गळलं तर गळलं, पाणी जमिनीत जिरेल, असं म्हणून चालत नाही. दख्खनच्या पठारावर बसाल्टपासून तयार झालेली काळी माती आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या मातीसाठी पायाचा वेगळा प्रकारच विकसित केला, खालच्या बाजूला फुगीर गाठ असलेले अंडर-रीम्ड पाइल. अशा मातीत घराच्या एका कोपऱ्याला बारमाही पाणी आणि दुसरा कोपरा कोरडा असं झालं, तर एक कोपरा वर, एक जागच्या जागी. मधल्या भिंतीने काय करायचं? ती तडकते.

मुरमाच्या भरावात फुगणं नसतं, पण तिथे वेगळी भानगड असते. पाण्याबरोबर बारीक माती हळूहळू वाहून जाते आणि फरशीखाली पोकळी तयार होते.

गवत काय सांगतंय?

माझ्या मावसभावाचं, दादाचं, पुण्याबाहेर एक रो-हाउस आहे. 2020च्या दिवाळीत ताबा मिळाला. 2025च्या एप्रिलमध्ये वहिनीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: जिन्याशेजारच्या टॉयलेटच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी उतरलेली भेग. सोबत मेसेज, ‘दारही घासतंय गं. हे नॉर्मल आहे का?’

मी गेले तोवर दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले होते. पहिला म्हणाला, भेग कापून पुट्टी भरू, वर टेक्श्चर मारू, दिसणारही नाही. दुसऱ्याने केमिकल ग्राउटिंगचं कोटेशन दिलं, आकडा बघून दादाचा चेहरा पडलेला. दोघांनीही भेगेचाच विचार केला होता. ती कुठून आली, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

तिसरे आले आमच्या ओळखीचे एक वयस्कर प्लंबरकाका. त्यांनी भेगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चपला घातल्या आणि सरळ घराभोवती चक्कर मारली. टॉयलेटच्या मागे थांबले.

“ताई, या गवताला पाणी कोण घालतं?”

“कोणीच नाही,” वहिनी म्हणाली.

“मग भर एप्रिलात हे हिरवंगार कसं? बाकी सगळं करपलंय बघा. भेगेचं नंतर बघू, आधी गवत काय सांगतंय ते ऐका.”

मग काकांनी रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग मागवला. भिंत आणि चेंबर यांच्यामध्ये हाताने छोटासा खड्डा घेतला. फुटिंगच्या तळापर्यंत नाही, फक्त पाइप दिसेल एवढा. कमोडमध्ये रंग टाकून दोन-तीनदा फ्लश केलं. चेंबरमध्ये गुलाबी पाणी आलं, पण जेमतेम. आणि खड्ड्याच्या भिंतीतून, अगदी घराच्या बाजूने, गुलाबी धार झिरपायला लागली. वहिनी काही बोलली नाही. आत जाऊन तिने मुलाला त्या टॉयलेटजवळच्या खोलीतून उचलून वर नेलं.

पाइप प्लिंथ बीममध्ये तसाच ओतलेला होता आणि बाहेर पडल्या पडल्या तुटलेला. दादाने स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी फुटिंगची एक बाजू उघडून बघितली. मुरूम अजून कडक होता, पण पाण्याच्या बाजूने मऊ पडायला लागला होता. कॉलम हलले नव्हते. टॉयलेटची साडेचार इंची भिंत फरशीवर उभी होती, फरशी भरावावर आणि भराव धुऊन चाललेला. टाइल्स ठोकल्या तर ढोलकी! “अजून दोन पावसाळे गेले असते तर मी एवढ्या शांतपणे बोललो नसतो,” इंजिनिअर म्हणाले.

पुट्टी मारली असती तर काय झालं असतं? भेग झाकली गेली असती, गळती चालू राहिली असती आणि घर दोन वर्षं छान दिसलं असतं.

पंचेचाळीसचा फंडा

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. फुटिंगवरचं वजन फक्त सरळ खाली जात नाही, ते खालच्या मातीत तिरकं पसरत जातं. म्हणून फुटिंगच्या तळाच्या बाहेरच्या कडेपासून 45 अंशांत खाली उतरणारी एक रेघ मनात काढा. त्या रेघेच्या आतली माती म्हणजे घराचे पाय. तिथे चर खणायचा नाही.

हिशेब सोपा आहे. फुटिंगचा तळ जमिनीपासून चार फुटांवर आहे आणि तुमच्या पाइपाचा चर सहा फूट खोल जाणार आहे. फरक दोन फुटांचा. म्हणजे चर फुटिंगच्या कडेपासून कमीत कमी दोन फूट लांब हवा. हे झालं घट्ट जमिनीचं. माती भुसभुशीत किंवा काळी असेल तर अंतर आणखी वाढवायचं. चर फुटिंगच्या तळापेक्षा वरच राहणार असेल तर आधार जाण्याची भीती नाही, पण गळतीची काळजी तरीही घ्यायचीच.

प्लॉट लहान आहे, जागाच नाही, मग काय? मग आधी इंजिनिअर. सर्वसाधारण पद्धत अशी की चर एकदम सगळा न खणता थोडा थोडा खणायचा, पाइप टाकायचा आणि माती परत लोटण्याऐवजी फुटिंगच्या तळापर्यंत काँक्रीट भरायचं, म्हणजे काढून घेतलेला आधार परत मिळतो. ‘दोन दिवस उघडा ठेवू साहेब, काही होत नाही’ असं मुकादम म्हणाला तर ऐकू नका. पावसाळ्यात तर नाहीच.

ढाळ: ना कमी, ना जास्त

ड्रेनेजचं पाणी पंपाने जात नाही, ढाळाने जातं. जुना, साइटवर सर्रास वापरला जाणारा हिशेब असा: चार इंची पाइपाला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक. म्हणजे चार इंची पाइप दहा फूट गेला की तीन इंच उतरला पाहिजे. तीस फुटांत नऊ इंच.

ढाळ कमी पडला तर मैला वाटेत बसतो, पाइप तुंबतो, पाणी साचतं आणि जोडांवर सतत दाब राहतो. म्हणून मग ‘भरपूर ढाळ देऊन टाका’ म्हणणारेही असतात. पण ढाळ वाढला की शेवटच्या टोकाला खोली वाढते आणि बघता बघता पाइप फुटिंगच्या तळाखाली पोचतो, त्या 45 अंशांच्या रेघेच्या आत. म्हणून पाइपाची वाट आधी कागदावर काढायची: घरातून कमीत कमी अंतरात बाहेर, मग पायापासून लांब राहून चेंबरकडे. कोपऱ्याला चिकटून, घराला प्रदक्षिणा घालणारा पाइप दिसला की समजा, कोणी कागद-पेन्सिल हातात घेतलेलीच नाही.

वळणावर चेंबर हवंच. पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या नळालासुद्धा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, हवा जायला आणि गाळ काढायला. अठराव्या शतकात जे सुचलं ते आपण आज पेव्हर ब्लॉकखाली गाडून टाकतो, कारण ‘लूक जातो’.

काँक्रीटमधून जाताना

पाइप बीममधून किंवा पायाच्या भिंतीतून न्यायचाच असेल, तर काँक्रीट ओतण्याआधीच तिथे मोठ्या मापाच्या पाइपाचा तुकडा ठेवतात. याला स्लीव्ह म्हणतात. आपला पाइप त्यातून मोकळा जातो, भोवती बोट-दोन बोटं जागा राहते, ती मऊ, लवचीक मटेरियलने बंद करायची, म्हणजे उंदीर-झुरळं आत येत नाहीत. सिमेंटने गच्च भरायची नाही. भरली तर स्लीव्हचा उपयोग काय?

भिंतीच्या बाहेर लगेच रबर रिंगचा जोड, मग दीड-दोन फुटांचा तुकडा आणि परत रबर रिंगचा जोड. हा छोटा तुकडा बिजागरीसारखा काम करतो. भराव बसला तर तो किंचित तिरका होतो, पण मोडत नाही. सोल्युशन लावून चिकटवलेल्या जोडाला ही सवलत नसते. दादाच्या घरी शेवटी हेच केलं. दोन रबर रिंगा आणि एक स्लीव्ह, बस्स. ज्याच्यासाठी ग्राउटिंगचं एवढं मोठं कोटेशन आलं होतं!

स्लीव्ह ठेवायची राहिली, म्हणून नंतर ड्रिलने बीम फोडायला निघालेल्या माणसाला मात्र दारातच थांबवा. आतली सळई कापली गेली तर ती परत जोडून मिळत नाही. पावसाच्या पाण्याचा पाइप ‘एलिव्हेशन छान दिसतं’ म्हणून कॉलमच्या पोटातून नेण्याची फॅशनही अशीच. कॉलम आधीच बारीक, त्यात पोकळ. वर कधी गळलं तर सळईला आतून गंज.

पाइप कोणता? आयएस 15328 हे जमिनीखालच्या ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपांचं मानक आहे. इमारतीतल्या एसडब्ल्यूआर पाइपांचं मानक आयएस 13592. त्यात ए आणि बी असे दोन टाइप असतात. ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी, बी मैला आणि सांडपाण्यासाठी. पाइपावर छापलेलं असतं, वाचा. खाली वाळूची किंवा बारीक खडीची गादी, वरही तीच. डबर, विटांचे तुकडे, सिमेंटची पोती असला कचरा चरात नको.

आम्ही सातव्या मजल्यावर, आम्हाला काय?

तुम्हालाही आहे. तुमच्या बिल्डिंगचे सगळे पाइप पार्किंगमध्ये उतरतात आणि कॉलमच्या फुटिंगांमधून वाट काढत बाहेर जातात. जुन्या सोसायट्यांमध्ये सिमेंटने सांधलेले स्टोनवेअरचे पाइप असतात. दोन-दोन फुटांचे तुकडे, म्हणजे जोडच जोड. त्यात आवारात पिंपळ, उंबर उगवला की मुळं बरोबर जोड शोधतात. मग सोसायटीची मीटिंग होते, सर्वांत कमी कोटेशन पास होतं आणि एका सकाळी तुमच्या गाडीशेजारी, कॉलमला खेटून, माणूसभर खोल चर खणलेला दिसतो. त्या वेळी बाल्कनीतून बघत बसू नका. खाली जा आणि विचारा: या कॉलमचं फुटिंग किती खोल आहे? ड्रॉइंग बघितलंय? चर कधी बुजवणार? मेंटेनन्स भरणाऱ्या प्रत्येकाला हे विचारायचा हक्क आहे.

पाच वर्षं लक्षात ठेवा

दादाने आधी फोन केला तेव्हा बिल्डरचं ऑफिस म्हणालं, “सर, नॉर्मल सेटलमेंट आहे, घर वापरलं की होतं.” मग दादाने इंजिनिअरचा रिपोर्ट आणि फोटो जोडून लेखी पत्र दिलं आणि त्यात रेरा कायद्याच्या कलम 14(3)चा उल्लेख केला. 2016च्या या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणला, तर प्रमोटरने तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पाच वर्षं पुरी व्हायला काही महिनेच उरले होते. पत्रानंतर सूर बदलला, माणसं आली, पाइप बदलला, फरशीखाली नवा भराव थराथराने बसवला. 2025मध्ये पाऊस मे महिन्यातच येऊन धडकला, आठवतंय ना? चर बुजवून जेमतेम दोन दिवस झाले होते.

म्हणून ताब्याची तारीख वाढदिवसासारखी लक्षात ठेवा. चार वर्षं झाली की एकदा घराभोवती चक्कर मारा.

कापून फ्रिजवर लावा

• चर बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढा: भिंतीपासून किती लांब, किती खोल. दहा वर्षांनी हाच फोटो देवासारखा धावून येईल.

• एका चेंबरमध्ये टॉर्च, दुसऱ्यात आरसा. पूर्ण गोल दिसला तर पाइप सरळ. अर्धा दिसला तर पोट पडलंय.

• बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरा, वर खूण करा, अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर जोड गळतोय.

• तिरकी भेग दिसली की पुट्टी नको. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे, इंजिनिअरला बोलवा.

• गच्चीचं पाणी पायाशी सोडू नका. भोवतीच्या प्लिंथ प्रोटेक्शनचा ढाळ बाहेरच्या बाजूला हवा. रेन वॉटर हार्वेस्टिंगचा शोषखड्डा घरापासून दहा-बारा फूट तरी लांब.

• दार अचानक घासायला लागलं, एकाच कोपऱ्यातल्या टाइल्स पोकळ वाजायला लागल्या, एकाच ठिकाणी झुरळं वाढली: तिन्ही एकत्र दिसली तर आधी ड्रेनेज तपासा.

• आणि हो, ऐन उन्हाळ्यात घरालगत एकच पट्टा हिरवागार असेल तर माळीदादांचं कौतुक करण्याआधी पाण्याचा उगम शोधा.

पुढच्या आठवड्यात पायाकडून वर जाऊ. गच्चीत बाग करायचीय ना? मग आधी स्लॅबला विचारू.